मृत्युपत्र दाखवत नाहीत आणि सही मागतायत, काय करू?

शिवाजी पेठेतनं एका ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात, त्यामुळं छापत नाही, आणि पत्र बरंच मोठं आहे म्हणून मुद्द्याचं तेवढंच देते.

"माझे मिस्टर सहा वर्षांपूर्वी वारले. मला १४ वर्षांचा मुलगा आणि ११ वर्षांची मुलगी आहे. सासरे, आम्ही आबा म्हणायचो, ते चार महिन्यांपूर्वी गेले. पेठेतलं घर आबांच्या नावावर आहे आणि करवीर तालुक्यात सव्वा एकर उसाचं रान आहे. आता दीर म्हणतात आबांनी मृत्युपत्र करून सगळं माझ्या नावावर केलंय, तुझं त्यात नावच नाही, मग तुला ते बघायचा हक्क कुठला. वर हक्कसोडीचा कागद तयार करून आणलाय, मी माझी आणि मुलांच्या वतीनं पण सही करायची म्हणे. नाही केलीस तर हायकोर्टापर्यंत खेचतो म्हणाले. मागच्या आठवड्यात तलाठ्याकडून एक नोटीस आलीय, त्यात नोंदीचा प्रकार मृत्युपत्र असं लिहिलंय, मला त्यातलं काही कळलं नाही म्हणून तशीच ठेवलीय. मला खरंच ते मृत्युपत्र बघता येत नाही का? आणि मागितलं तर घरात कायमचं वाकडं येईल का?"

ताई, आधी दोन गोष्टी करा, बाकीचं नंतर निवांत वाचा. पहिली, त्या हक्कसोडीच्या कागदावर सही करू नका, आज नाही आणि कुणी पाहुणे मध्ये घालून गोड बोलले तरी नाही. दुसरी, ती नोटीस जिथं ठेवलीय तिथनं काढा आणि तिच्यावरची तारीख बघा, कारण हरकत घ्यायला १५ दिवस असतात आणि त्यातले काही गेलेत.

आता नोटिशीबद्दल, कारण तुमच्या अख्ख्या पत्रात सगळ्यात कामाची ओळ तीच आहे आणि तुम्हाला ती जाणवलेलीच नाही. शेतकऱ्याच्या मरणानंतर सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव लावायचं असलं की तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात पण लोकांच्या तोंडात तलाठीच आहे) अर्ज जातो, तलाठी फेरफार रजिस्टरला नोंद धरतो, चावडीत तिची प्रत लावतो आणि ज्यांचा संबंध आहे असं त्याला वाटतं त्या सगळ्यांना लेखी कळवतो, हे जमीन महसूल संहितेच्या १५० कलमात आहे. साधी वारस नोंद असती तर प्रकार 'वारस' आला असता. तुमच्या नोटिशीत 'मृत्युपत्र' आलाय. म्हणजे दिरांनी ते मृत्युपत्र नाहीतर त्याची प्रत तलाठ्याला दिलीय, त्याशिवाय तशी नोंद धरलीच जात नाही. घरात तुम्हाला कपाटाची किल्ली दाखवतायत पण कागद सरकारी दप्तरात जाऊन पडलाय, आणि दप्तरात पडलेल्या कागदाची नक्कल मागता येते.

तर उद्याच एक साधा अर्ज लिहा, वकील नसला तरी चालतं. वर तलाठी आणि मंडळ अधिकारी दोघांचं नाव टाका, नोटिशीतला फेरफार नंबर आणि गट नंबर जसाच्या तसा लिहा, आणि खाली असं: "मी मयताच्या आधी मयत झालेल्या मुलाची विधवा असून मला दोन अज्ञान (१८ वर्षांखालील) मुलं आहेत. आम्ही मयताचे वर्ग १ चे वारस आहोत. सदर मृत्युपत्र आम्हाला दाखवलेलं नाही, ते आम्हाला मान्य नाही, नोंदीस आमची हरकत आहे. नोंदीसोबत जोडलेल्या सर्व कागदांच्या नकला मिळाव्यात." दोन प्रती काढा, एक द्यायची आणि दुसरीवर तारखेचा शिक्का आणि पोच घ्यायचीच, पोच नाही तर अर्ज दिला नाही असंच धरा. हरकत आली की नोंद तक्रारी नोंदींच्या रजिस्टरला जाते, मंडळ अधिकारी ती परस्पर मंजूर करत नाही, सुनावणी लागते आणि दिरांना कागद पुढं ठेवून बोलावं लागतं. समजा मुदत हुकली आणि नोंद मंजूर झाली तरी प्रांताधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करता येतं, पण तिथपर्यंत जाऊ देऊ नका. महाभूमीच्या साइटवर 'आपली चावडी' म्हणून आहे तिथं गावाचं नाव टाकलं की चालू फेरफारांच्या नोटिसा दिसतात, पोराला सांगा, तो मोबाइलवर दोन मिनिटांत काढून देईल.

घराचं वेगळं आहे. पेठेतल्या घराला सातबारा नसतो, प्रॉपर्टी कार्ड असतं आणि ते सिटी सर्व्हेला, म्हणजे नगर भूमापन कार्यालयात. तिथंही असाच हरकतीचा अर्ज द्या, सि.स. (सिटी सर्व्हे) नंबर घरफाळ्याच्या, म्हणजे घरपट्टीच्या पावतीवर नाहीतर जुन्या कार्डावर मिळेल. आणि महापालिकेच्या घरफाळा विभागात पण एक प्रत देऊन ठेवा. घरफाळ्याला नाव लागलं म्हणून कुणी मालक होत नाही, सातबाऱ्याला लागलं म्हणून पण होत नाही, फेरफार हा महसुलासाठी असतो आणि मृत्युपत्रावरनं वाद असेल तर तो दिवाणी कोर्टातच सुटतो हे सुप्रीम कोर्टानं २०२१ ला परत एकदा स्पष्ट केलंय. पण एकदा नाव लागलं की गिऱ्हाईक बघून विकून टाकणं सोपं होतं आणि मग तुम्ही त्या तिसऱ्या माणसाशी भांडत बसता, म्हणून अडवायचं ते आत्ताच.

आता तुमचा मूळ प्रश्न, बघायचा हक्क आहे का. सिनेमात दाखवतात तसं वकील सगळ्या घराला बसवून मृत्युपत्र वाचून दाखवतो, तसा आपल्याकडे काही कायदा नाही. घरात पडलेलं, रजिस्टर न केलेलं मृत्युपत्र वारसांना इतक्या दिवसांत दाखवलंच पाहिजे असं कुठल्या कलमात लिहिलेलं नाही, आणि आपल्या भागात प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाचा दाखला, सक्तीचं नसल्यामुळं ते कोर्टात जाईलच असंही नाही. याचाच फायदा घेऊन लोक 'तुला हक्क नाही' म्हणतात. पण दुसरी बाजू ते सांगत नाहीत. मृत्युपत्र नुसतं कपाटात ठेवून कुणाला एक गुंठा सुद्धा मिळत नाही. त्याच्या जिवावर जमीन, घर, बँकेतले पैसे, कारखान्याचे शेअर्स काही जरी नावावर करून घ्यायचं असलं तर ते कुठल्या तरी टेबलावर ठेवावंच लागतं, आणि ज्या टेबलावर ठेवलं तिथं तुम्ही वारस म्हणून जाऊन उभं राहू शकता. तुमचं त्यात नाव आहे का नाही याचा काही संबंध नाही. उलट मृत्युपत्र नसतं तर तुम्हाला वाटा मिळाला असता म्हणूनच तुम्हाला ते तपासायचा अधिकार पोचतो.

आणि आबांनी ते रजिस्टर केलं असलं तर मग प्रश्नच मिटला. नोंदणी कायदा १९०८ चं कलम ५७ असं सांगतं की रजिस्टर मृत्युपत्राची नक्कल करणारा माणूस जिवंत असेपर्यंत फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते, आणि तो वारल्यावर जो कुणी अर्ज करेल त्याला मिळते. जो कुणी, बरं का. मुलगा, सून, नणंद, शेजारी, कुणीही. त्यामुळं दिरांची परवानगी, त्यांची सही, काहीच लागत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात, आपण रजिस्ट्री ऑफिस म्हणतो तिथं, आबांच्या मृत्यूचा दाखला, तुमचं आधार, आबांचं पूर्ण नाव आणि अंदाजे कुठल्या वर्षांत केलं असेल ते लिहून अर्ज करायचा, शोधाची आणि नकलेची फी भरायची आणि पावती घ्यायची. इथं दोन ठिकाणी लोक फसतात. एक म्हणजे आयजीआरच्या, म्हणजे नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च करून बघतात, काही दिसत नाही आणि रजिस्टर नाहीच असं धरून बसतात. तिथं खरेदीखत, बक्षीसपत्र असले दस्त दिसतात, मृत्युपत्रं वेगळ्या पुस्तकात असतात, पुस्तक क्रमांक ३, आणि त्यातला शोध ऑफिसातल्या अधिकाऱ्यानंच घ्यायचा असतो, तुम्हाला आम्हाला चाळायला देत नाहीत. दुसरं म्हणजे मिळकत करवीरमध्ये आहे म्हणजे मृत्युपत्र पण करवीरच्याच ऑफिसात असं नसतं, ते कुठल्याही रजिस्ट्री ऑफिसात करता येतं. आबा शेवटची वर्षं कुणाकडे राहायचे, नणंद कुठं असते, ओळखीचे वकील कुठले, असा विचार करून दोन चार ठिकाणी अर्ज टाका. मृत्युपत्र बंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवायची पण सोय असते, फार लोक वापरत नाहीत तरी तिथं एकदा विचारा, माणूस गेल्यावर कुणी अर्ज केला की ते पाकीट अर्जदारासमोर उघडतात. खिडकीवरचा माणूस 'वारस दाखला आणा मग बघू' म्हणाला तर भांडू नका, नकार लेखी द्या म्हणा आणि अर्जात कलम ५७ पोटकलम २ एवढं लिहा, बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होतं, नाही झालं तर सह जिल्हा निबंधकांकडे तक्रार करा.

रजिस्टर नसेल तर? तर मग वकिलाकडनं दिरांना रजिस्टर एडीनं नोटीस पाठवायची, मृत्युपत्राची प्रत द्या म्हणून. ती द्यायला ते कायद्यानं बांधील नाहीत, पण मागून दिली नाही हे पुढं कोर्टात तुमच्या बाजूनं बोलतं. खरा रस्ता भारतीय वारसा कायदा १९२५ च्या कलम २६७ मध्ये आहे, ज्याच्याकडे मृत्युपत्र आहे असं दिसतंय त्याला ते कोर्टात आणून ठेव असा हुकूम जिल्हा न्यायाधीश देऊ शकतात, आणि कुणाला माहिती असेल असं वाटलं तर त्याला बोलावून विचारू पण शकतात. किंवा सरळ वाटपाचा दावा आणि मिळकत विकू नये म्हणून तात्पुरती मनाई. दाव्यात दिरांना बचावाला मृत्युपत्रच आणावं लागेल, आणि आणलं की तुम्हाला त्याची प्रत मिळतेच. मृत्युपत्र लबाडीनं लपवणं किंवा फाडणं हा गुन्हा पण आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३४३, शिक्षा सात वर्षांपर्यंत, जन्मठेप सुद्धा होऊ शकते, पण ते पहिल्या दिवशी काढायचं हत्यार नाही, घरातलं भांडण पोलीस ठाण्यात गेलं की बोलणीच बंद होतात.

प्रत हातात आली की मग नीट बसून वाचा, एकटीनं नाही, कुणीतरी जाणतं सोबत घ्या. तारीख कुठली आहे आणि त्या दिवशी आबा कुठं होते, घरात का दवाखान्यात अ‍ॅडमिट, दवाखान्याची फाइल अजून असेल तर जपून ठेवा. सही आहे का अंगठा, आयुष्यभर सही करणारा माणूस शेवटी अंगठा का देतो हा प्रश्न कोर्टात विचारला जातो. साक्षीदार दोन पाहिजेतच, ते कोण आहेत, आबांच्या ओळखीचे का दिरांच्या. प्रत्येक पानावर सही आहे का. आणि रजिस्टर असेल तर रजिस्टर कधी झालं ते डोळ्यात तेल घालून बघा, कारण मृत्युपत्र माणूस मेल्यावर सुद्धा रजिस्टर करता येतं, ज्याला त्यातनं मिळायचंय तो स्वतःच ते घेऊन जाऊ शकतो, त्यामुळं 'रजिस्टर आहे' एवढं ऐकून गप्प बसू नका. रजिस्टर असो वा नसो, कोर्टात ते शाबित करावं लागतं, निदान एक साक्षीदार जिवंत असेल तर त्याला पिंजऱ्यात उभं करावं लागतं, आणि संशयाला जागा असेल तर तो संशय दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढं आणणाऱ्याची असते, तुमची नाही. सुप्रीम कोर्टानं हे १९५८ सालीच ठरवून टाकलंय आणि आजही तेच चालतं. आणखी एक, एकापेक्षा जास्त मृत्युपत्रं निघाली तर शेवटचं खरं.

आता तुम्हाला खोटी आशा लावायची नाही म्हणून हे पण सांगते. एखादी मिळकत आबांनी स्वतःच्या कमाईनं घेतली असेल आणि मृत्युपत्र खरं निघालं तर ती ते कुणालाही देऊ शकत होते, तुम्हाला वगळून सुद्धा. पण रान वडिलोपार्जित असेल तर गोष्ट वेगळी, तिथं आबांना फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतंच मृत्युपत्र करता येतं. तुमच्या मिस्टरांचा हिस्सा ते गेले तेव्हाच तुमच्याकडे, मुलांकडे आणि सासूबाईंकडे आला, तो आबांचा नव्हताच, तर ते देणार कुठनं. आजोबांकडनं आलेलं सगळंच रान कायद्यानं वडिलोपार्जित ठरतं असं नाही, ते कधी आणि कसं आलं त्यावर आहे, म्हणून तहसीलच्या रेकॉर्ड रूममधनं त्या गटाचे जुने फेरफार काढा, अगदी १९५६ च्या आधीपर्यंत मागं जावं लागलं तरी जा. वकील पहिल्यांदा तेच मागणार आहे. आणि मृत्युपत्र टिकलंच नाही तर हिशोब असा, सासूबाई हयात आहेत आणि नणंद एकच आहे असं धरलं तर आबांच्या मागं सासूबाई, दीर, नणंद आणि तुमच्या मिस्टरांची शाखा असे चार सारखे वाटे, म्हणजे तुमच्या शाखेला चार आणे, त्यात तुम्ही आणि दोन मुलं तिघं सारखे, प्रत्येकाला बारावा हिस्सा. 'विधवा सुनेला काय मिळत नाही' असं कुणी म्हणालं तर त्याला १९५६ चा हिंदू वारसा कायदा दाखवा, तुम्ही आणि मुलं वर्ग १ मध्ये, म्हणजे पहिल्या हक्काच्या वारसांमध्येच आहात.

मुलांच्या वतीनं सही मागतायत याचा मला खरंच राग आला. अज्ञान मुलांच्या वाट्याची स्थावर मिळकत आईला सुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय देऊन टाकता येत नाही, हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याचं कलम ८ आहे. तुम्ही उद्या तुमचं सोडायचं ठरवलंत तर तो तुमचा अधिकार, पण पोरांचं नाही. आणि समजा सगळं दिरांच्याच पदरात पडलं, तरी त्या इस्टेटीतनं काहीच न मिळालेल्या विधवा सुनेला आणि अज्ञान नातवंडांना, दुसरीकडनं पोट भागत नसेल तर, ती इस्टेट घेणाऱ्याकडनं पोटगी मागता येते, १९५६ च्याच दत्तक व पोटगी कायद्यात २१ आणि २२ कलम बघायला सांगा वकिलाला. राहत्या घरातनं पण तुम्हाला कुणी असंच बाहेर काढू शकत नाही.

बँक आणि कारखान्याच्या शेअर्सचं थोडक्यात, तिथं दीर नॉमिनी असले तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसे त्यांच्या हातात येतील पण वारसांचा हक्क जात नाही. बँकेला आणि कारखान्याला एक एक पत्र देऊन ठेवा की वारसांमध्ये वाद आहे.

हायकोर्टापर्यंत खेचतो म्हणाले ना, तर त्याला घाबरू नका. वाटपाचा दावा सुरू होतो तो कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात, आणि पुढं कधी हायकोर्टात गेलाच तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच चालू झालंय, सीपीआर दवाखान्यासमोर, भाऊसिंगजी रोडला. शिवाजी पेठेतनं चालत जाता येतं. मुंबईच्या खेपा, लॉजचा खर्च, वकिलाची मुंबईची फी या भीतीनं कितीतरी बायकांनी सह्या करून दिल्यात, ती भीती आता धरू नका.

घरात वाकडं येईल का, तर येईल कदाचित, थोडे दिवस. मी नाही म्हणणार नाही. पण सरळ बोलून बघा आधी, चारचौघांत नको, दिरांना एकट्याला गाठून. 'भाऊजी, आबांनी जे लिहिलंय ते मला वाचू द्या, खरं असेल तर मी मानीन' एवढंच. कागद सरळ असेल तर दाखवायला काही अडचण नसते. फक्त हे बोलणं हरकतीचा अर्ज देऊन झाल्यावर करा, आधी नको, नाहीतर 'बसून बोलू, बसून बोलू' करत १५ दिवस निघून जातात.

आणि सासूबाईंचं तुम्ही पत्रात एका ओळीत पण लिहिलं नाहीत. त्या पण वारस आहेत, दिरांइतक्याच. त्यांनी तरी ते मृत्युपत्र बघितलंय का? त्यांच्याकडनं सुद्धा हक्कसोडीवर अंगठा घेतला असेल का? दुपारी घरात कुणी नसताना जवळ बसून विचारा. त्यांना बघायचं असेल तर हरकतीच्या अर्जावर त्यांची पण सही घ्या, आईची हरकत आहे म्हटल्यावर मुलाला चार जणांत बोलणं अवघड जातं.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर बाईला आणि लहान मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी, १९८७ च्या कायद्यानं. कसबा बावड्याला न्यायसंकुलातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, फोन करायचा तर १५१०० नंबर आहे. जाताना तलाठ्याची नोटीस, हरकतीच्या अर्जाची पोच, आबांचा आणि मिस्टरांचा मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्माचे दाखले, सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, आणि दिरांनी आणलेला तो हक्कसोडीचा कागद तुमच्याकडेच असेल तर त्याची झेरॉक्स, एवढं एका फाइलीत घालून न्या.